आठव्या पेटीतले दगड

१

आठव्या पेटीचं झाकण निघालं तशा दगडखान्यात जमलेल्या सगळ्यांनी माना पुढे केल्या, आणि पुढच्याच क्षणी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पेटीत दगड होते, पण भलतेच होते.

दगडखाना म्हणजे तेल कंपनीची बंदरावरची पत्र्याची लांबलचक शेड. समुद्राच्या तळाला भोक पाडून वर काढलेले दगडाचे गोल दांडके तिथे लाकडी पेट्यांत क्रमाने निजवून ठेवत. पहिल्या पेटीत वरचा थर, दुसरीत त्याच्या खालचा, असं करत खोल खोल. त्यातली आठवी पेटी साऱ्या शहराला माहीत होती. वर्षभरापूर्वी तिचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले होते. तेलाने काळेभोर झालेले, ओलसर चमकणारे दगड. समुद्रातलं जुनं तेल आटत आलं होतं, आणि या एका पेटीच्या जिवावर कंपनी नवं क्षेत्र खोदायची परवानगी मागत होती.

त्याच पाण्यात दुसऱ्या एका कंपनीला पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. समुद्र एक आणि मागणारे दोघे, म्हणून सरकारने जनसुनावणी नेमली होती. शहराची दोन शकलं झाली होती. एकाच घरात नवरा तेलाचा आणि बायको वाऱ्याची, असंही होतं, आणि ती घरं आमटीत मीठ कमी पडलं तरी समुद्रावर घसरत.

सुनावणीआधी बाहेरच्या तज्ज्ञाने सर्वांसमक्ष पेटी तपासायची, असं ठरलं होतं. आता तज्ज्ञ पेटीसमोर उभा होता आणि पेटीत राखाडी, कोरडे ठणठणीत दगड होते. तेलाचा थेंब नाही.

कंपनीच्या व्यवस्थापकाने आवाज न चढवता सांगितलं, "चोरी झालीय. आणि कुणाच्या फायद्याची, ते मी बोलायची गरज नाही."

तो बोलला नाही, पण त्याने बघितलं. ज्या तरुण बाईकडे बघितलं ती पवनचक्कीवाल्यांची इंजिनियर होती. आदल्या संध्याकाळी ती या शेडमध्ये येऊन गेल्याचं बंदराच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने पाहिलं होतं. तिच्या शेजारी भिंतीचा आधार घेऊन उभे असलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ कंपनीचे भूवैज्ञानिक होते. नवं तेल शोधणारे तेच, आणि ती त्यांचीच लेक.

२

सुनावणीचे अध्यक्ष एक निवृत्त न्यायमूर्ती होते. त्यांनी तपासनीसबाईंना बोलावून घेतलं.

बाईंचं आयुष्य बुडालेल्या जहाजांच्या विम्याचे दावे तपासण्यात गेलं होतं. जहाज खरंच बुडालं की बुडवलं, हे त्या माणसांशी गप्पा मारून शोधत. निवृत्तीनंतर गुडघे बोलायला लागले होते, पण कान शाबूत होते. त्यांनी आधीच सांगून टाकलं, की माझा धाकटा भाऊ भर समुद्रातल्या तेल काढायच्या फलाटावर वेल्डर आहे, नवं क्षेत्र मिळालं नाही तर तो घरी बसेल, तेव्हा दुसरं कुणीतरी बघा.

"म्हणूनच तुम्ही हव्यात," न्यायमूर्ती म्हणाले. "दोन्ही बाजू तुमच्यावर सारखाच संशय घेतील, वारेवाले भावापायी आणि तेलवाले तुमच्या सचोटीपायी. इतका निःपक्षपाती माणूस मला कुठे मिळणार?"

बाईंनी व्यवस्थापकापासून सुरुवात केली. त्याच्याकडे तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त होता. आठव्या पेटीतल्या तेलाची त्याने वर्षभरापूर्वी चाचणी करून घेतली होती. "जुन्या क्षेत्रातल्या तेलाचं जुळं भावंड म्हणा. तपासणाऱ्यालाही फरक करता येईना. याहून चांगलं लक्षण कोणतं?" फोटो आहेत, चाचणी आहे, दगड गेले तर गेले, सुनावणी चालू करा, असं त्याचं म्हणणं. बाईंनी मनात नोंद केली, की चोरीचा या माणसाला फार तोटा झालेला नाही.

मग मुकादम. फलाटावर खोदकाम करणाऱ्या गड्यांचा हा म्होरक्या. पाय अधू झाल्यापासून त्याला किनाऱ्यावर, दगडखान्याच्या राखणीला बसवलं होतं. किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे आणि एक सरांकडे. भूवैज्ञानिकांना सगळं बंदर 'सर' म्हणे. मुकादम उत्तरं द्यायचा, पण नजर जमिनीवर ठेवून. त्याला गड्यांची काळजी होती. कुणाची मुलं शिकतायत, कुणाचे आईवडील अंथरुणाला खिळलेत, हे त्याने न विचारता सांगितलं. सरांबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा उजळला.

"सर म्हणजे देवमाणूस. मागल्या वर्षी हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं त्यांचं. दगडांचे नमुने वर आले तेव्हा ते दवाखान्यात होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. पण उठले."

सरांच्या घरी बाईंना चहा मिळाला आणि उत्तरं तुटपुंजी मिळाली. आदल्या दिवशी दुपारपासून ते एकटेच दगडखान्यात होते. परीक्षेआधी पोरं उजळणी करतात तशी पेट्यांवर नजर टाकत होतो, म्हणाले. संध्याकाळी लेक त्यांची औषधं घेऊन आली, थोडा वेळ बसली, गेली.

"घरात तेल-वाऱ्यावर भांडणं होतात का?" बाईंनी विचारलं.

"जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायचा नाही, असा आमचा करार आहे," सर म्हणाले. "त्यामुळे आम्ही हल्ली गप्पच जेवतो."

हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर लेकीची गाडी उभी होती. बाईंना वाटलं, हा माणूस चोरी झालेल्या माणसासारखा चिडलेला नाही. सुतकात असल्यासारखा दिसतोय.

३

बाई भावाकडेच उतरल्या होत्या. भावजयीने ताटं वाढली आणि भाऊ बोलायला बसला. फलाटावरच्या लोकांत चर्चा एकच होती, वारेवाल्यांनी घात केला. भाऊ तेवढं म्हणत नव्हता. चक्क्याही हव्यात, त्याला कळत होतं. पोरगीच शाळेतून रोज नवं ऐकून यायची आणि बापाला समुद्र तापतोय म्हणून सुनवायची. "तिला सांगतो, बाई गं, तुझी फी याच तेलातून जाते. तर म्हणते, म्हणूनच मी शिकतेय."

सगळे हसले. बाईंनी सहज विचारलं, की ते नमुने वर आले त्या दिवशी तू फलाटावर होतास का.

"होतो ना. पण मजा नाही बघायला मिळाली. खालच्या बाजूचा कठडा मोडला होता, तो जोडत दिवसभर ठिणग्या उडवत बसलो. दगड चिखलाने माखलेले असतात, तिथे काही दिसत नाही. किनाऱ्यावर आणून धुतले तेव्हा तेल दिसलं. मग गावात नाचलो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच न्यायमूर्तींचा निरोप आला. व्यवस्थापकाच्या आग्रहावरून संबंधितांच्या गाड्या बघितल्या होत्या. लेकीच्या गाडीच्या डिकीत, जादा चाकाखाली, चादरीत गुंडाळलेले काळे दगड सापडले होते. डिकी उघडल्याबरोबर तेलाचा भपकारा आला होता.

४

लेक न्यायमूर्तींच्या खोलीत ताठ बसली होती. बाई आत आल्या तशी ती म्हणाली, "मीच नेले. बाबांची किल्ली घेतली. सुनावणी हरायची नव्हती मला."

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. गुडघा चोळत विचारलं, "आणि त्या जागी ठेवलेले राखाडी दगड कुठून आणलेस?"

"किनाऱ्यावरून. कुठेही मिळतात."

"कुठेही गोल दांडके मिळतात? बाकीच्या पेट्यांतल्या दगडांइतक्याच जाडीचे?"

लेकीची नजर दाराकडे वळली. बाईंनी पुढे विचारलंही नाही. एखाद्याने जहाज बुडवल्याचं कबूल करावं आणि भोक कुठे पाडलं ते सांगता येऊ नये, अशातला हा प्रकार होता.

तेवढ्यात दार उघडून सर आले. धाप लागली होती. त्यांनी लेकीकडे न बघता सांगितलं, की काळे दगड मी काढले. तिच्या गाडीत मीच ठेवले. ती आत बसली होती, मी औषधाचं खोकं गाडीत राहिलंय म्हणून गाडीची किल्ली मागून घेतली. घरी आल्यावर काढून घेणार होतो. पण ती परस्पर तिच्या बैठकीला गेली, आणि सकाळपर्यंत मला संधी मिळाली नाही.

"बाबा, गप्प बसा," लेक म्हणाली. आणि मग तिचा ताठा एकदम मोडला. तिने बाईंना सांगितलं, की तिला ते दगड पेटी उघडली त्याच दुपारी सापडले होते. बघताक्षणी तिला कळलं होतं, की हे बाबांनी तिच्यासाठी केलं. आपली लेक जिंकावी म्हणून म्हाताऱ्याने जन्माची कमाई काढून टाकली. "आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते तेल, माझ्यापायी. मी त्यांना तुरुंगात कशी जाऊ देऊ?"

सर पहिल्यांदा तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर भलतंच आश्चर्य होतं, जणू हा अर्थ निघेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"तुमच्यासाठीही तोच प्रश्न, सर," बाई म्हणाल्या. "राखाडी दगड कुठले?"

पोलिसांना बोलवा, शिक्षा द्या, मी काही सांगणार नाही, इतकंच सर म्हणाले.

आता बाईंना खात्री पटली की हा माणूस तिसऱ्याच कुणाला झाकतोय.

५

भर दुपारी बाई एकट्याच दगडखान्यात गेल्या. पत्रा तापला होता. सातवी, आठवी, नववी या पेट्या त्यांनी शेजारीशेजारी मांडून घेतल्या.

राखाडी दगडांना गोणपाटाचे बारीक धागे चिकटले होते. म्हणजे हे कुठेतरी पोत्यात होते. अंगावर धूळ जुनी होती, पण बुडाशी नुकतंच तेल लागलं होतं, पेटीच्या फळीत सांडून मुरलेलं. प्रत्येक दांडक्यावर वर-खाल कळावं म्हणून दोन रेघा ओढलेल्या होत्या, एक लाल आणि एक काळी. बाईंनी आठव्या पेटीतल्या रेघा बघितल्या, मग सातवीतल्या. दोन्हीकडचा रंग सारखाच विटलेला.

लांब दगड पेटीत मावत नाही, म्हणून तो मोडून उरलेला पुढच्या पेटीत ठेवतात. मोडलेल्या कडा वेड्यावाकड्या असतात. सातव्या पेटीतला शेवटचा तुकडा बाईंनी दोन्ही हातांनी उचलला आणि आठवीतल्या पहिल्या राखाडी तुकड्याला लावला.

तो बसला. उंचवटा खोलगटात, कंगोरा खाचेत. वरून गेलेली लाल रेघ न तुटता इकडून तिकडे गेली. मग आठवीतला शेवटचा तुकडा त्यांनी नववीतल्या पहिल्याला लावून बघितला. तोही बसला.

बाई खाली एका खोक्यावर टेकल्या. सगळे जण पेटी उघडल्यापासून उलटं वाचत होते. राखाडी दगड परके नव्हतेच. ते आपल्या घरी परत आले होते. वर्षभर त्यांच्या जागी राहत होते ते काळे परके.

जुन्या तेलाचं जुळं भावंड, व्यवस्थापक म्हणाला होता. बाई उठल्या आणि शेडच्या मागच्या रांगेत गेल्या. जुन्या क्षेत्रातल्या नमुन्यांच्या पेट्या तिथे कुणी हात न लावता पडल्या होत्या. त्यातल्या एका पेटीचं झाकण उचललं तर आत काळे दगड होते आणि मध्ये हातभर मोकळी जागा. जुळं कसलं, तेल तेच होतं.

एक गोष्ट मात्र पक्की करायला हवी होती, आणि ती विचारायची बाईंना इच्छा नव्हती. त्या भावाच्या घरी गेल्या. भाऊ अंगणात सायकलची साखळी बसवत होता. बाईंनी विचारलं, की फलाटावर कच्च्या तेलाचा वास आला तर तुझं काम चालू ठेवतात का.

"वेडी आहेस का ताई? पहिली माझी ठिणगी बंद करतात. सगळा फलाट उडेल." तो हसला, आणि हसता हसता थांबला. हातातली साखळी तशीच राहिली. आपण काल रात्री जेवताना काय सांगितलं ते त्याला आठवलं होतं.

"त्या दिवशी तुला कुणी थांबवलं?"

भावाने साखळी खाली ठेवली. मग म्हणाला, "बहीण म्हणून विचारतेस की तपासनीस म्हणून?"

"दोन्ही एकच बाई आहे रे. काय करू?"

"नाही थांबवलं," भाऊ म्हणाला. "तेल वर आलंच नव्हतं. लिहून घे. सही करतो." आणि साखळीकडे वळला. त्याच्या पाठीकडे बघत बाईंना अंगणातून निघताना जड गेलं.

६

त्याच संध्याकाळी, उन्हं पत्र्यावर असतानाच, त्यांनी तिघांना दगडखान्यात बोलावलं. सर, लेक आणि मुकादम. न्यायमूर्ती एका खोक्यावर बसले. बाईंनी दोन तुकडे जुळवून दाखवले, आणि मग मागच्या रांगेतल्या पेटीतली मोकळी जागा.

लेक वाकून त्या सांध्याकडे बघत राहिली. "म्हणजे बाबांनी चोरलं नाही. खरं होतं ते परत ठेवलं."

"हो," बाई म्हणाल्या. "तज्ज्ञाने कोरडा दगड बघावा, म्हाताऱ्या माणसाची चूक झाली म्हणावं आणि विषय संपावा, असा त्यांचा हिशेब होता. स्वतःचं नाव जाईल, पण कुणावर आळ येणार नाही. ते काळे फोटो सगळ्यांच्या डोक्यात इतके पक्के बसलेत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आता खोटे दगड कुणी ठेवले, एवढंच उरतं. नमुने किनाऱ्यावर आले तेव्हा सर दवाखान्यात होते. दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती."

सर चटकन म्हणाले, "बाई, पुरे."

"नाही सर," मुकादम म्हणाला. "आता बोलू द्या."

तो अधू पाय सावरत पुढे आला आणि सांगू लागला. नमुने त्याने एकट्यानेच धुतले तेव्हा सगळे कोरडे निघाले. त्याच दिवशी दवाखान्यातून निरोप आला, की सरांचं काही खरं नाही, भेटून घ्या. सरांनी या एका जागेसाठी उभा जन्म घातला होता. लोक हसले, वरिष्ठांनी वेड्यात काढलं, तरी म्हणत राहिले की तिथे तेल आहे.

"मला वाटलं, माणूस चाललाय. कोरड्या हाताने कशाला पाठवा? जुन्या पेटीतला एक काळा दगड घेतला आणि दवाखान्यात त्यांच्या हातात दिला. म्हटलं, सर, लागलं. त्यांनी नाकाशी नेला. रडले. मी बाहेर येऊन रडलो."

"मग?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"मग काय साहेब, ते बरे झाले," मुकादम म्हणाला, आणि त्या आनंदाची नि संकटाची सरमिसळ त्याच्या चेहऱ्यावर अजून होती. "बरे होऊन दगड बघायला येणार म्हणाले. मग पेटी भरावीच लागली. वरून थोडं तेलही चोळलं. रोज ठरवायचो, आज सांगू. तोवर फोटो निघाले, गावात नाच झाला. माझे गडी एकमेकांना मिठ्या मारत होते. कुणाला सांगू? खरे दगड पोत्यात घालून फळीमागे ठेवले. फेकवेनात."

सर खाली बघून बोलले. तपासणीच्या आदल्या दिवशी पेट्या बघताना फळीमागचं पोतं त्यांना सापडलं, आणि त्याला मारलेली मुकादमाच्या हातची गाठ त्यांनी ओळखली; काळे दगड शेडमध्येच सापडले तर आळ त्याच्यावर येईल, म्हणून ते बाहेर काढले. त्यांना वर्षभरात खोटं का दिसलं नाही, हे त्यांचं त्यांनाच कोडं होतं. कडा कधी जुळवूनच बघितल्या नव्हत्या. जन्मभर ज्याची वाट बघितली तो दारात आल्यावर त्याला कुणी नाव-गाव विचारत नाही.

"दगड परत ठेवताना मला हाक का नाही मारलीत?" मुकादमाने विचारलं.

"काय म्हणून मारू? तू माझ्यासाठी केलंस. मी तुला पकडून देऊ?"

७

सुनावणीच्या दिवशी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. सर आधी बोलले, मग मुकादम. बाईंच्या अहवालात चोरीच्या रकान्यापुढे 'झालेली नाही' असं होतं आणि फसवणुकीपुढे कारणासकट सगळं होतं. व्यवस्थापकाने आपला अर्ज मागे घेतला. मुकादमावर काय कारवाई करायची ते न्यायमूर्तींनी राखून ठेवलं, आणि राखून ठेवताना चष्मा पुसत बराच वेळ घालवला.

पवनचक्कीवाल्यांच्या बाजूला टाळ्या सुरू झाल्या. लेकीने हात वर करून त्या थांबवल्या. ती म्हणाली, की आज माझी बाजू जिंकलेली नाही. तेल नाही म्हणून प्रश्न सुटला, एवढंच. तेल असतं तरी ते तिथेच राहू द्या, हे मी तुम्हाला पटवणार होते, आणि ते मी अजून कुणालाच पटवलेलं नाही. बाबांनासुद्धा नाही. मागच्या बाकांवर फलाटावरचे लोक बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तिचं ऐकून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर मुकादम एकटाच बसला होता. त्याचे गडी थोडं दूर घोळका करून उभे होते. शिव्या कुणी देत नव्हतं, जवळही जात नव्हतं. बाई दाराशी थांबल्या. भाऊ त्या घोळक्यातच होता. त्याने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मान वळवली.

सर लेकीचा हात सोडून पायऱ्या उतरले आणि मुकादमाच्या शेजारी कष्टाने टेकले.

"सर, मी तुमचं नाव घालवलं," मुकादम म्हणाला.

"गेलं खरं," सर म्हणाले. "पण तो दगड हातात होता ना, त्या रात्रीच मी पहिल्यांदा नीट झोपलो. डॉक्टरांना काहीही म्हणू दे. मी त्यावर बरा झालो रे."

मुकादमाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सर तसेच त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. दोघांनाही आपापलं उठता येणार नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

घोळक्यातून भाऊ निघाला. त्याने आधी मुकादमाच्या काखेत हात घातला आणि सरांना दुसरा हात दिला. "चला उठा दोघं. घरी चला." मग आणखी दोघेतिघे पुढे झाले. लेक गाडीचं दार उघडून उभी होती. भावाने मुकादमाला आत बसवलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "तुमच्या त्या चक्क्यांना जोडकाम लागतं का?"

"लागतं," लेक म्हणाली. "पण इथल्या सगळ्यांना पुरेल एवढं नाही. ते मी खोटं सांगणार नाही."

"नकोच सांगू. खोट्याने वर्ष काढलंय आम्ही." त्याने दार लावलं. गाडी गेली. मग तो बाईंपाशी आला आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन, त्यांच्या गुडघ्यांना झेपेल अशा बेताने, घराच्या दिशेने चालू लागला.